सहा बोटांचा हात आणि चाळीस गड्डे कोबी

जबाब देणार: बांग कुम-ओक, वय ७६ वर्षे, धंदा खानावळ (लोखंडी गल्लीतल्या कामगारांचं दुपारचं जेवण), शिक्षण दुसरी, राहणार मुल्ले, सोल.

कुणी बोलावलं नसताना मी स्वतः ठाण्यात आले. विचारलं त्याचं आणि थोडं न विचारलेल्याचंही सांगते, ते येणेप्रमाणे:

आज गुरुवारी सकाळी सगळ्यात आधी आली ती शेजारची नो. वेळ सातची. मी अंगणात कोबी धूत होते. ती म्हणाली, "ताई, तुमची ती लोखंडवाली पोरगी काल संध्याकाळपासून पोलिसांत आहे. दालनातला सहा बोटांचा हात चोरीला गेलाय म्हणे." मग ती माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, हा तोच का?" मी म्हटलं, तोच. नो खाली बसली. टोपलीवरच बसली, दोन गड्डे चेपले.

हे कलादालन माझ्या खानावळीपासून दोनशे पावलांवर आहे. पूर्वी तिथे पत्रा दाबायचा कारखाना होता. बाविसाव्या वर्षी मी तिथे कामाला होते. उजवा हात मनगटापासून तिथेच गेला. आता तिथे कॉफी मिळते. बरी असते.

लोखंडवाली पोरगी म्हणजे चे दान-बी, वय ३१, धातूच्या वस्तू घडवते. चार वर्षं माझ्याकडे जेवते, कांद्याची पात काढून ठेवते. तिच्या प्रदर्शनाचं नाव 'पुढचा माणूस'. भिंतीवर लिहिलंय की माणूस अजून पुरा घडलेला नाही. मला पटलं. तिथे मानेच्या मागे लावायचा एक डोळा आहे. माझ्या सासूला तो फार उपयोगी पडला असता. जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा.

त्या हाताचं माप तिने माझ्यावरून घेतलं. मी म्हटलं, चारचौघांसारखी पाच बोटं कर. ती म्हणाली, "पाच तर सगळ्यांनाच असतात, आजी." सहावं बोट करंगळीच्या पलीकडे आहे. पाण्यात बुडवलं की मीठ किती ते कोपरापाशी गुदगुल्या करून सांगतं. कमी असेल तर एकदा, बरोबर असेल तर दोनदा, जास्त झालं तर थांबतच नाही. पहिल्या दिवशी मी इतकी हसले की दालनातल्या लोकांना तो प्रदर्शनाचाच भाग वाटला.

वर्षभराचं कोबीचं लोणचं म्हणजे किमची घालताना एका हाताने पान उचलून धरायचं आणि दुसऱ्याने आत मसाला भरायचा. चोपन्न वर्षं माझं पान दुसऱ्या कुणीतरी धरलं. हल्ली नो धरते आणि नंतर गल्लीभर सांगते की किमची तिची आहे.

माझं दालनातलं काम असं. दुपारी दोन ते पाच हात घालून स्टुलावर बसायचं, मुळे कापून दाखवायचे. पाचला दालनाचे व्यवस्थापक प्यो साहेब पट्टे सोडून हात काचेच्या पेटीत ठेवतात. काल बुधवारी माझा कोबी एक दिवस आधीच आला. दुपारी नोने चाळीस गड्डे मिठाच्या पाण्यात घातले. साडेपाचला ते खालचे वर करावे लागतात, नाहीतर खालचे लगदा होतात आणि वरचे कडक राहतात. पाचला प्यो साहेब फोनवर होते. मी दहा मिनिटं थांबले. मग कोट घातला आणि घरी गेले. कोटाच्या बाहीतून सहा बोटं नीट जातात. त्या पोरीने ते आधीच बघून ठेवलंय.

हात आज बुसानला जाणार होता हे माहीत होतं का, असं विचारल्यावरून सांगते की होय. विकत घेणाऱ्या बाई तो काचेत ठेवणार, कुणी घालणार नाही, हेही माहीत होतं. करारावर दान-बीची सही आहे, तेही खरं. मंगळवारी तिने प्यो साहेबांना सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "जायच्या आधी मी तो उचलून नेईन." ती रागाने बोलली. उचलून तिने नेला नाही. मी नेला, आणि उचलावाही लागला नाही.

काल पाच चाळीसला दान-बीचा मला फोन आला, चार मिनिटांचा. काय बोलणं झालं असं विचारल्यावरून सांगते की मिठाबद्दल. साहेबांनी तेच तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "आजी, चार मिनिटं मीठ?" मी म्हटलं, चाळीस गड्डे आहेत. ते म्हणाले, "तिने हात परत आणू नका असं सांगितलं असेल तर गुन्हा तिच्यावर जातो. आणि खोटा जबाब दिलात तर तुमच्यावर." मी म्हटलं, पोरा, पाण्यात हात घालून मी फोन कानाला खांद्याने धरला होता, मला मीठ एवढंच ऐकू आलं. लिहा. त्यांनी लिहिलं.

नोच्या मागून साडेसातला प्यो साहेब आले. नोनेच मधे दालनात कॉफी आणायला जाऊन तोंड उघडलं होतं. त्यांच्याबरोबर विकत घेणाऱ्या बाईंनी पाठवलेली बुसानची दोन माणसं, पांढरे हातमोजे घातलेली एक बाई आणि रिकामी पेटी घेतलेला एक माणूस. प्यो साहेब म्हणाले, "काढा." मी म्हटलं, कोबी धुऊन निथळत टाकल्याशिवाय नाही. त्यांनी माझं कोपर धरलं. नोच्या हातात सुरी होती, ती मुळ्यासाठी होती. माझ्या हातातला गड्डा निथळून पाणी त्यांच्या बुटांवर पडलं, ते मुद्दाम नव्हे.

तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "आजी, मला हे काम करताना बघायचंय." मी सहाव्या बोटाने मीठ पाहिलं, कोवळं पान तोडलं आणि त्यांच्या तोंडात घातलं. त्या बराच वेळ चावत होत्या. म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." मी म्हटलं, दोनदा गुदगुल्या झाल्या. त्या प्यो साहेबांना म्हणाल्या, "कोपर सोडा त्यांचं." उद्यापर्यंत हात राहू द्या, असंही म्हणाल्या. त्यांच्या माणसाने पेटी मिटली. प्यो साहेबांनी तक्रार मात्र मागे घेतली नाही, म्हणून मी बस धरून नऊ चाळीसला इथे आले.

दान-बी पलीकडच्या खोलीत आहे. दाराखालच्या फटीतून तिचे बूट दिसतात. तिने रात्री काही खाल्लं का, हे मी दोनदा विचारलं. ते नोंदवलेलं नाही.

साहेबांनी हात पुरावा म्हणून जमा करायला सांगितला. त्यांनी आणि आणखी एका शिपायाने पट्टे सोडायचा प्रयत्न केला. चार पट्टे आहेत, भिजल्यावर आवळतात. प्यो साहेबांनाही ते कोरडेच सुटतात. ओले सोडायची रीत दान-बीलाच ठाऊक आहे, आणि तिला सोडाल तेव्हाच ती सोडेल. साहेब वरिष्ठांशी फोनवर बोलून आले. हात माझ्या ताब्यात ठेवून पोचपावती करावी आणि दान-बी सुटल्यावर बोलावेल तेव्हा पट्टे सोडवायला हजर व्हावं, आत्ता घरी जावं, असं ठरलं. कोबी दुपारपर्यंत निथळेल. भरायचा आजच आहे. पान मी धरणार आणि मसालाही मीच भरणार. नोला फक्त बघायला बोलावलंय.

जबाब साहेबांनी मोठ्याने वाचला. सासूचं आणि मिठाचं मी पुन्हा वाचून घेतलं. सगळं मी बोलले तसंच आहे. प्रत्येक पानावर अंगठा हवा म्हणून मी उजवा लावला. रेषा नसलेला लाल ठिपका उठला. साहेब म्हणाले हा चालणार नाही, म्हणून शेजारी डावा लावला. दोन्ही ठेवले आहेत.

बुसानची माणसं हात न्यायला परत येतो म्हणाली आहेत: उद्या शुक्रवार, सकाळी अकरा वाजता.