एका माणसाचा स्वयंपाक

सन्माननीय अध्यक्षा आणि आमच्या 'ला कोल्मेना' बालगृहाच्या संचालिका दोन्या नेल्बा बेंतांकोर, मोंतेविदेओहून बसचे धक्के खात इथवर आलेले बालकल्याण खात्याचे उपसंचालक दार्दो साहेब, सोमवारपासून आमचे न राहणारे आजचे सत्कारमूर्ती एबेर ओलास्कोआगा सर, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि न मिळाल्यामुळे रुसलेले सर्व मान्यवर, या घरातल्या माझ्या बहिणींनो, भावांनो, आणि केक कधी कापतात यावर डोळा ठेवून दाराशी उभ्या असलेल्या मंडळींनो, सर्वांना यानिना तेचेराचा नमस्कार.

दोन्या नेल्बांनी मला बजावलंय, "तू आपल्या स्वावलंबन प्रकल्पाची सर्वांत यशस्वी मुलगी. थोडं बोल, सरांबद्दल चांगलं बोल, आणि रडू नकोस, माइक जुना आहे." पहिल्या दोन गोष्टींची खात्री देत नाही. माइक मात्र सांभाळीन.

एबेर सर या घरात आले ते आम्हांला एकटं राहायला शिकवायला. अठरा वर्षांची झाली की पोर इथून बाहेर पडते, तेव्हा तिला जगाची रीत माहीत असावी, हा उदात्त हेतू. त्यासाठी एक आदर्श स्वयंपाकघर उभारलं गेलं. फीत कापली, फोटो निघाले. गॅस तेवढा जोडला नाही, कारण पोरींना भाजेल. सर रिकाम्या पातेल्यासमोर उभे राहून म्हणायचे, "पाणी उकळलं असं समजा." आम्ही समजायचो. "बटाटे शिजले असं समजा." तेही समजायचो. इतक्या समजूतदार मुली तुम्हांला दुसरीकडे कुठे मिळतील?

'एकटेपणाला कसे सामोरे जावे' हा धडा आम्ही एका बाकावर चौघी दाटीवाटीने बसून शिकलो. घरमालकाशी बोलणी करण्याच्या तालमीत सर स्वतः घरमालक व्हायचे आणि म्हणायचे, "ये बाळ, बस, हा माते चहा घे. भाड्याची काय घाई आहे?" मंडळी, त्या घरमालकाच्या शोधात मी आजही आहे.

तर अशी तयार होऊन मी सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेले. पहिल्या दिवशी भूक लागली. फ्रिजसमोर गेले आणि उभीच राहिले. कितीतरी वेळ. मग लक्षात आलं, उघडू का, असं कुणाला विचारायचं ते मी शोधत होते. हसा, हसा. मागच्या रांगेतल्या पोरी हसत नाहीयेत, बघा. त्यांना कळलंय.

माझी धाकटी बहीण लूर्देस तेव्हा इथेच होती, त्या खिडकीखालच्या पलंगावर. न्यायाधीश बाईंनी सांगितलं होतं, "यानिना स्वतंत्र राहू शकते असा दाखला आण, आणि बहिणीला घेऊन जा." दाखला देणार एबेर सर. सगळ्या विषयांत मी सुटले. राहिला एकच: एका माणसाचा स्वयंपाक.

आता मला सांगा, तो मला कसा यावा? मी शिकले ती इथल्या खऱ्या चुलीवर, स्वयंपाकाची माझी पाळी असेल त्या दिवशी. इथे कांदे किती घालायचे असं विचारलं, तर उत्तर मिळतं, "पोतं संपेपर्यंत." परीक्षेच्या रविवारी सर आले तेव्हा माझ्या खोलीत मांस-भोपळ्याचा रस्सा एवढा शिजला होता की झाकण कपाटावर ठेवावं लागलं. सरांनी पातेल्यात डोकावून मान हलवली. "यानिना, हे एका माणसाचं आहे?"

"एक माणूस खूप भुकेला असला तर."

"नापास," सर म्हणाले. मग गळ्याला रुमाल बांधून बसले, दोन ताटं जेवले, आणि उरलेलं डब्यात भरून नेलं. तपासणीसाठी.

पुढच्या रविवारी फेरपरीक्षा. बारा वाजता. परीक्षा नेहमी जेवायच्या वेळीच का असते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. नापास. पुन्हा रविवार, पुन्हा नापास, पुन्हा डबा. इकडे लूर्देस फोनवर विचारायची, "ताई, तुला रस्सा करता येत नाही? तू तर इथे सगळ्यांना वाढायचीस!" काय सांगू तिला? मी रात्रंदिवस बटाटे मोजायला लागले.

शेवटी खालच्या दुकानदारबाईंकडून त्यांच्या मांजराचं दूध तापवायचं पातेलं आणलं. अर्धा कांदा, दोन बटाटे, मांसाचे चार तुकडे. बरोबर एक ताट भरलं. टेबलावर एकच ताट, एकच चमचा. सर आले, बसले, रुमाल बांधला. ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे पाहिलं. चुलीवर काही नव्हतं.

"नापास," सर म्हणाले.

"का?"

"मीठ."

"तुम्ही चाखलंत कुठे?"

दार्दो साहेब, आपण लिहून घेत आहात हे मी पाहते आहे. लिहा, लिहा. कारण तेव्हा माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला, तो तुमच्या प्रकल्पातल्या कुठल्याच धड्यात नाही. मी कधीही सरांसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. म्हटलं, "माझी बहीण तिथे दारावर डोळे लावून बसलीय, आणि तुम्हांला रविवारचं जेवण हवंय म्हणून तुम्ही मला नापास करताय? लाज नाही वाटत?"

सरांनी गळ्याचा रुमाल सोडला. मग हळूच म्हणाले, "वाटते गं. पण घरी रविवारी रेडिओ असतो आणि पाव असतो. रेडिओ तरी बोलतो, पाव तर तेही नाही करत."

मला फार राग आला होता, आणि फार वाईटही वाटलं होतं. दोन्ही एकदमच. आम्हांला एकटं राहायला शिकवणारा माणूस अख्ख्या गावात सर्वांत एकटा होता. मी म्हटलं, "आधी सही." त्यांनी मुकाट्याने सही केली. मग मी ते एका माणसाचं ताट दोघांत वाटलं. मी पास झाले आणि दोघंही उपाशी राहिलो.

त्याच आठवड्यात लूर्देस माझ्याकडे आली. ती बघा, तिसऱ्या रांगेत, मान खाली घालून बसलीय. माझ्या यशाची कहाणी राजधानीत पोहोचली, तिथून सरांची बढती आली, आणि आज हा सत्कार. स्वावलंबनाचा सत्कार करायला आपण सगळे किती एकत्र जमलो आहोत! दोन्या नेल्बांचा चाळिशीतला मुलगा अजून आईकडेच जेवतो, कौतुकाची गोष्ट आहे. दार्दो साहेब, आपल्या शर्टाची इस्त्री झकास आहे, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. दर रविवारी या गावात सर सोडले तर कुणीही आपल्या घरी एकटं जेवत नाही. ते शिकायला लागतं फक्त आम्हां पोरींना.

पण एक गोष्ट सत्कारपत्रात लिहायची राहून गेलीय. सहीच्या त्या दिवसानंतर सर माझ्याकडे पुन्हा आले नाहीत. तपासणी संपली, यायला कारण उरलं नाही. रविवारी बारा वाजता काखेत माते चहाच्या गरम पाण्याचा थर्मास धरून सायकलच्या दुकानावरून जायचे. वर बघायचे. घंटा वाजवायचे नाहीत. मी खिडकीतून पाहायची आणि वाट बघायची. लूर्देस म्हणायची, "हाक मार ना!" मी म्हणायची, "नको. विचारणं त्यांचं त्यांनाच यायला हवं."

सर, तुम्ही आम्हांला बँकेत बोलायला शिकवलंत, डॉक्टरांशी, मालकांशी बोलायला शिकवलंत. एक वाक्य तुमचं तुम्हांलाच येत नाही. परवा तुम्ही मोंतेविदेओला जाणार. तिथे कुणाची परीक्षा घेत फिरणार? उद्या रविवार आहे आणि एकोणतीस तारीख आहे. आमच्याकडे न्योकी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे होणार, ताटाखाली बरकतीचं नाणं ठेवणार, दर एकोणतीस तारखेला गावातल्या सगळ्या घरांत ठेवतात तसंच. तर जाण्याआधी तुमची परीक्षा. कागद नाही, सही नाही, कारण नाही. एकच वाक्य. विचारा.

सर, सगळे थांबलेत. केकसुद्धा थांबलाय.

नाही, नाही, ऐकू नाही आलं. दोन्या नेल्बा, माइक जरा तिकडे सरकवा. हं.

"यानिना, उद्या जेवायला येऊ का?"

पास! लूर्देस, रडतेस काय, मोठं पातेलं काढायचंय.

आयोजकांनी मला बोलायला बोलावलं, आपण सर्वांनी केक डोळ्यांसमोर असताना ऐकून घेतलंत, याबद्दल मनापासून आभार. भाषणात कुणाची इस्त्री, कुणाचा मुलगा किंवा कुणाचा प्रकल्प दुखावला गेला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्यावं. आणि उद्या सरांसोबत आणखी कुणाला यायचं असेल, तर या. माइकची गरज नाही, घंटा वाजवा. एका माणसाचा स्वयंपाक मला अजूनही येत नाही.