बाटलीवरचं पान

गडचिरोलीच्या औषध दुकानात नंदिनी आईची चिठ्ठी घेऊन रांगेत उभी होती. तिच्यापुढच्या सोमारीबाईनं हातातली बाटली दुकानदारापुढे आदळली.

"हे पान कायचं हाय, भाऊ?"

"विजयाचं, बाई. डॉक्टरनं तुमच्या गुडघ्यांसाठीच लिहून देलं."

"गांजा हाय हा!"

"हळू बोला ना! कायद्याचं औषध हाय, विजया म्हणतात."

"हळू काऊन बोलू? मले वाचता येत नाई, पान वळखता येते. याच गुडघ्यांसाठी माह्या बुढ्यानं परसात दोन झाडं लावली, तं पोलीस त्याले घेऊन गेले. आठ महिन्यांपासून जेलात हाय."

"त्याले मी काय करू, बाई?"

"लिहून दे."

"काय?"

"त्या झाडाले विजया म्हणतात, असं. जजसाहेबाले दाखवाचं हाय."