कोण काय वाचतं

“तुमची मुलगी काय वाचते ते मी सांगणार नाही, आणि तुम्ही सभासद झालात, तर तुम्ही काय वाचता ते तिलाही सांगणार नाही.”

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपाल बाई आणि जमलेले वाचकहो, हे वाक्य अठ्ठावीस वर्षांपूर्वी या समोरच्या टेबलामागून बोललं गेलं. ऐकणारे होते माझे बाबा. मी कपाटाआड श्वास रोखून उभी होते.

तेव्हा मी सतरा वर्षांची. मला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकायचं होतं. देव आहे का, असं विचारणारी पुस्तकं मी दप्तरात लपवून नेते, हे बाबांना कळलं असतं तर ग्रंथालय सुटलं असतं, आणि कॉलेजही.

गंमत म्हणजे, बाईंनाही ती पुस्तकं पसंत नव्हती. तारखेचा शिक्का मारताना म्हणायच्या, “असलं वाचून डोकं फिरतं, पोरी. आठ दिवसांत परत कर.” मग बाबांना का नाही सांगितलं?

आज मी तत्त्वज्ञान शिकवते. नीती आणि नीतिशास्त्र यांत फरक काय, असं मुलं दरवर्षी विचारतात, आणि मी या टेबलाची गोष्ट सांगते. मुलीनं काय वाचावं ते घरानं ठरवायचं, ही नीती बाबांना त्यांच्या घरातून मिळाली होती. खरं तर बाईंनाही तीच मिळाली होती. पण टेबलामागे बसल्यावर त्यांनी त्या नीतीलाच विचारलं, का? हाच नियम बापालाही लावायचा का? नीतिशास्त्र तिथून सुरू होतं.

बाबा तणतणत घरी गेले. सोमवारी येऊन सभासद झाले. त्या वर्षी माझ्या प्रवेशअर्जावर सही करताना एवढंच म्हणाले, “विषय अवघड आहे. नीट कर.” अवघड आहे हे त्यांना कसं कळलं, ते अजून सांगितलेलं नाही. आत्ताही तिसऱ्या रांगेत बसून बुटांकडे बघताहेत.

इतक्या वर्षांत या टेबलावरून कुणाचंही वाचन कुणाच्या कानावर गेलं नाही. बाई, तुम्ही जिंकलात, आणि आम्हा सगळ्यांना जिंकवलंत.

आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही कमीजास्त बोलले असेन तर पोटात घाला. आणि बाई, मान आत्तापासूनच हलवू नका, विनंती तरी ऐका: त्या सोमवारी बाबांनी नेलेलं पहिलं पुस्तक कोणतं होतं?