आल्केचं ऑर्किड

नेदरलँड्समधल्या लेवार्डन शहरातल्या रोपांच्या दुकानातली पैसे द्यायची रांग इतकी हळू सरकते, की गेल्या खेपेला मी बी घेऊन उभा राहिलो आणि फुलं घेऊन घरी गेलो. आज माझ्यापुढे योपी होती. तिच्यापुढे तिचा म्हातारा शेजारी वीबे, खांद्यावर मातीची पोती घेऊन.

“काय वीबे, बटाटे लावताय?”

“नाही गं. आल्केचं ऑर्किड. उद्या बायको इस्पितळातून घरी येतेय, आणि पानं पिवळी पडलीत.”

“लावलंय कशात?”

“बागेतल्या चांगल्या चिकणमातीत. मीच हलवलं.”

“अरे देवा! आणि पाणी?”

“रोज. शिवाय उरलेली कॉफी.”

“आता चीज तेवढं भरवायचं राहिलं! अहो, त्याच्या मुळांना हवा लागते. ती पोती ठेवा. झाडाच्या सालीचे तुकडे घ्या, त्यात मूठभर कोळसा मिसळा. कुजलेली मुळं कापून टाका.”

“जगेल?”

“एखादं मूळ हिरवं असलं तर जगेल.”

“पण तू इथे कशी? तुझ्या घरात तर एक कुंडी नाही.”

“आल्केनं पाठवलं. फोनवर तुमच्या आवाजावरूनच ओळखलं तिनं, ऑर्किडचं काहीतरी बिघडलंय; उपायही तिनंच सांगितला. म्हणाली, झाड गेलं तरी चालेल, पण वीबेला रागावू नकोस.”

“मग मघापासून रागावतेयस ते?”

“ते माझ्यातर्फे.”