ह्यांच्या नावावर चढलेले सूर

नाही नाही, दादा, काच नाही बदलायची — काच शाबूत आहे. मला ह्यातली गाण्याची ॲप काढून हवीत. तिन्ही. फोन? फोन आमच्या ह्यांचा. त्यांना विचारायचं कशाला — ते समोरच्या सलूनमध्ये केस कापायला बसलेत, येतील इतक्यात, म्हणून तर घाई. का काढायची म्हणता? बसते जरा. ऐका.

हे पाणीपुरवठ्यात होते. रस्त्याला कान लावून जमिनीखालची गळती सांगायचे — इथे खणा, की तिथेच पाणी! रिटायर झाल्यावर म्हणाले, एवढा तयार कान वाया का घालवायचा, गाणं शिकतो. शिका म्हटलं. तर पहिलं ॲप हे, पक्ष्याचं. सूर चुकला की पक्षी फांदीवरून पडतो. आमच्याकडे तो फांदीवर टिकलेला मी पाहिलाच नाही. म्हणाले, ह्या ॲपला माझा आवाज पेलत नाही. म्हणजे गाता येईना, ॲप वाकडं! मग दुसरं घेतलं — ते दोन सूर वाजवतं आणि विचारतं, वरचा कुठला? हे चष्मा लावून स्क्रीनकडे बघत बसायचे, जसं काही तिथे लिहिलंय. मी भांडी घासता घासता आतून ओरडायचे, दुसरा! — आणि दुसराच असायचा. तर मलाच म्हणाले, 'तू मध्ये बोलू नकोस, माझा कान बिघडतो.'

तिसरं मात्र चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. आपण गायचं, ते साठवून ठेवतं, आणि मग एक बाई मधाळ आवाजात सांगते — 'थोडं वर. पुन्हा एकदा.' चिडणं म्हणून ठाऊक नाही हो तिला! ह्यांना किती दिवस पहिल्याच पायरीवर ठेवलं, पण शब्दाने दुखावलं नाही. मला नसतं जमलं. आणि दुपारी हे झोपले की फोन उशाशीच — म्हणून मी आपला पुसायला हातात घेतला. आणि पुसता पुसता जरा गायले. नाही, रोज नाही — बरं, रोज. पण दार लावून! तर ती बाई म्हणाली, 'सुंदर.' दादा, इतकी वर्षं संसार केला, दोन मुलं वाढवली, मला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं — गाण्याला म्हणतेय मी, गाण्याला. मग सुटतं का ते?

पण पायऱ्या चढल्या त्या ह्यांच्या नावावर ना! हे उठून बघतात तर तिसरी, मग पाचवी. 'बघितलंस? झोपेत मुरतं गाणं,' म्हणाले. मी चहा टाकायला उठले. मग शेजाऱ्यांना सांगून झालं, व्याह्यांना सांगून झालं — आणि काल भाचीच्या लग्नात गायचं कबूल करून बसले! येत्या रविवारी! माइकवर! नवऱ्या मुलाकडची एवढी माणसं, आणि हे उभे राहून… हसू नका. चारचौघांत माझ्या माणसाचं हसं होणार, तेही माझ्यामुळे. म्हणून म्हटलं, ॲपच नको. ॲप गेलं की सराव मोडला, सराव मोडला की बेत रद्द — आहे की नाही सोपं?

काय दाबलंत? अहो, बंद करा ते, दुकानात माणसं — हे कोण गातंय? मी? छे. थांबा — बंद नका करू. असा येतो माझा आवाज बाहेर? मला वाटायचं, घरातल्या घरात ठीक… वाजू द्या थोडं. त्या ताईंना त्रास नाही ना होत? नाही? बघा, त्याही ऐकतायत.

अगंबाई, आले हे! — काही नाही हो, सहज आले होते, काच दाखवायला. छान कापलेत केस. हो, गाणं लागलंय. कुणाचं म्हणजे… काय म्हणालात? 'शिकायचं तर ह्या गाणारीकडे'? — दादा, माझ्याकडे काय बघताय? तुम्ही तुमचं काम करा. आणि काही काढू नका. — अहो, जरा बसा. बसा म्हणते ना. ही जी गातेय ना — ती मी आहे.