बेटावरची जादा रेघ

धरणातल्या बेटावरच्या जुन्या किल्ल्यात दगडावर कोरलेला वाघबकरीच्या खेळाचा पट सापडला, आणि होडीला रांग लागू लागली. तिथं उत्खनन करणारी शुभांगी तोंडाला रुमाल बांधून रांगेत उभी होती. तिच्या पुढं बहिरू आणि त्याची बहीण तुळजाबाई.

“सहाशे वर्सांचा पट म्हनत्यात,” बहिरू म्हणाला. “पर त्यातली तिरपी रेघ आपल्या आबांची हाय. मी खोदनाऱ्यांना सांगनार.”

“कशापायी?”

“धरनाच्या आदी, ल्हानपनी तिथं खेळताना तुझी बकरी अडकली, तू भोकाड पसरलंस, म्हनून आबांनी कोयत्यानं वाट काढून दिली. माझा वाघ फुकट हरला!”

“म्हातारा झालास, अजून रडतुयास?”

“खोटं ते खोटं.”

“सांगितलंस तर पुसून टाकत्याल, दादा. आबांना जाऊन वरीस झालं. बापाच्या हातचं दुसरं काय ऱ्हायलंय?”

बहिरू मागं वळला.

“ताई, तुमी शिकलेल्या दिसता. पटावर मागनं कुनी रेघ वढली, तर पुसत्यात व्हय?”

“नाही,” शुभांगी म्हणाली. “कुणी ओढली ते लिहून ठेवतात. पुसत मात्र नाहीत.”

“ऐकलंस?” तुळजाबाईनं पदर खोचला. “जा, सांग आता. माझी बकरी सुटली.”