मावशीच्या मळ्यावरून म्हैसमाळ

…आणि वर मलाच विचारतात, 'काका, पायाला काय झालं?' काय झालं म्हणजे? फोड आलेत! दोन्ही तळव्यांना! सायकल चालवून कुणाच्या तळव्याला फोड आलेले ऐकलेत का हो तुम्ही? बूड दुखतं, मान धरते, मनगटाला मुंग्या येतात, सगळं मान्य… पण तळवे? आणि माझा तर नियमच होता, तुम्हाला सांगतो, पाय टेकायचा नाही म्हणजे नाही!

आता हा नियम माझा नव्हे, अतुलचा. अतुल म्हणजे आमच्या सिडकोतल्या सायकलवाल्यांचा म्होरक्या, तिशीच्या आतला, चहासुद्धा बिनसाखरेचा पितो आणि वर हसतो. दर रविवारी ही टोळी निघणार, पडेगाव, शरणापूर, दौलताबादचा घाट, कागजीपुरा, खुलताबाद, आणि तिथून म्हैसमाळ. खुलताबादच्या फाट्यापासून थेट माथ्यापर्यंत जो एकदाही पाय न टेकता चढंल त्याला पिवळा टी-शर्ट. मी विचारलं, 'अरे, पाणी प्यायला तरी?' तर म्हणतो, 'काका, पाणी चालत्या सायकलवर. पाय टेकला की बाद.'

तुम्हाला वाटंल, चोपन्नाव्या वर्षी ह्या माणसाला पिवळ्या टी-शर्टाचं काय पडलंय? बरोबर आहे, टी-शर्टाचं काहीच नाही पडलं. पण आमच्या घरी रत्नमाला आहे ना, माझी बायको… ती भांडत नाही हो, भांडली असती तर बरं झालं असतं. मी तबला शिकायला लागलो, तीन महिन्यांत सोडला. मोडी लिपीच्या वर्गाला गेलो, 'श्री' पर्यंत पोचलो. गच्चीवर भाजीपाला लावायचा म्हणून माती वर नेली, ती माती अजून तिथंच आहे. आणि दर वेळी ही बाई गुडघ्याला तेल चोळत चोळत एवढंच म्हणणार, 'होऊ द्या. हे पण होऊ द्या.' बास! आवाज वर नाही, खाली नाही. लागतं हो ते. लई लागतं. म्हणून ठरवलं, आयुष्यात एक गोष्ट, एकच, शेवटपर्यंत करून दाखवायची. पाय टेकायचा नाही!

आता चढ काय, माणूस चढंल एखाद वेळ. दौलताबादचा घाट मी चढलो, कागजीपुऱ्याचं वळण चढलो, खुलताबादेत एक चहावाला ओरडला, 'क्या चाचा, गाडी बिगडी क्या, सायकल पे किधर?' त्यालाही हात करून पुढं गेलो. पण म्हैसमाळच्या रस्त्यावर, ऐन शेवटचा चढ सुरू व्हायच्या अलीकडं, डाव्या हाताला एक मळा आहे, आणि त्या मळ्यात कोण राहतं? माझी सख्खी मावशी! मनकर्णामावशी! वय ऐंशी, डोळ्याला मोतीबिंदू, पण रस्त्यावरून नातेवाईक चालला की हिला बरोबर दिसतो!

पहिल्या रविवारी मी हेल्मेट घातलेलं, काळा गॉगल, अंगाला चिकटलेली ती आखूड चड्डी… माझ्या आईनं नसतं ओळखलं. मावशी बांधावरून ओरडली, 'आरं राजिंदरा! सायकलीवर का रं? गाडी इकली का काय?' आता दारावरून जायचं आणि चहा न घेता जायचं, हे आमच्याकडं जमतं का? जमतच नाही! तसं गेलं की दहा वर्षं बोलणं बंद होतं! पाय टेकला. चहाचे पोहे झाले, पोह्यांची पिठलं-भाकरी झाली, आणि दुपारी तीन वाजता मी बाजेवर घोरत असताना अतुलचा फोन आला, 'काका, आम्ही घरी पोचलो, तुम्ही कुठंयत?'

दुसऱ्या रविवारी मी डोकं चालवलं. म्हटलं, मावशीचाही मान राखायचा आणि नियमही. सायकल सरळ खळ्यात घातली आणि न थांबता गोल गोल फिरायला लागलो! 'मावशी, बरीयेस ना? कडुबा कुठंय? म्हैस व्याली का?' मी पुढं, मागं मावशी कपबशी घेऊन, 'आरं थांब की मुडद्या, सांडतोय चा!' आणि तिच्या मागं मावशीचा पोरगा कडुबा, 'आई, तू पडशील, पडशील तू!' चौथ्या फेरीला म्हैस आडवी आली. म्हशीला काय सांगणार, पाय टेकायचा नाही म्हणून?

घरी आलो. रत्नमालानं माझ्याकडं बघितलं, कोपराचं शेण बघितलं, आणि म्हणाली, 'होऊ द्या.'

मग ह्या खेपेला मी मंगळवारीच कडुबाला फोन लावला. गॅलरीत जाऊन, हळू आवाजात. म्हटलं, 'कडुबा, रविवारी मी वर जाणार, पण मावशीला सांग, मला थांबवू नको.' तो म्हणतो, 'का वो दादा? आमचा काय राग आला का?' म्हटलं, राग नाही रे. 'मंग सासुरवाडीचा चा चालतो, आमचा चालंना व्हय?' आता आली का पंचाईत! अतुल, नियम, टी-शर्ट हे त्याला कसं समजवायचं? तेवढ्यात तोच म्हणाला, 'दादा, खरं सांगा, तुम्ही दर ऐतवारी इतकं हाल करीत देवीच्या डोंगरावर जाता… नवस हाय ना?'

तुम्हाला सांगतो, डोक्यात उजेडच पडला! वर गिरजादेवीचं देऊळ! नवसाच्या माणसाला कोण अडवतंय? नवसाच्या माणसाला चहा घे म्हणून कोण आग्रह करतंय? म्हटलं, 'हो! नवसच आहे!' तर म्हणतो, 'कशाचा?' मी दारातून आत बघितलं, तर रत्नमाला गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसलेली. माझ्या तोंडून निघून गेलं, 'तुझ्या वहिनीच्या गुडघ्याचा.'  पलीकडनं कडुबा नाक ओढत म्हणाला, 'दादा, तुमच्यासारखा नवरा पंचक्रोशीत नाय.'

रविवार उजाडला. पाय असे फिरत होते की अतुल मागं पडला! अतुल! फाटा गेला, पहिला चढ गेला, पाणी चालत्या सायकलवर प्यालो, अर्धं नाकात गेलं पण प्यालो. मळा दिसायला लागला आणि बघतो तर काय… रस्त्यावर रांगोळी! रांगोळीच्या पलीकडं वीस-पंचवीस माणसं! हलगी! आणि मधोमध मनकर्णामावशी, हातात आरतीचं ताट!

मी ओरडतोय, 'बाजूला! बाजूला व्हा!' त्यांना वाटलं, अंगात आलं. हलगी वाढली. कडुबानं पुढून हँडल धरलं, दोघांनी मागून सीट धरली, आणि मी सायकलवर तसाच, जागच्या जागी, ताठ. पण पाय? पाय टेकला नव्हता! पॅडलवरच होता! मावशीनं मला ओवाळलं, सायकलला ओवाळलं, हँडलला कुंकू लावलं, चाकापुढं नारळ फोडला. मी सगळं करून घेतलं. म्हटलं, 'येतो मावशी, सोडा रे.'

तर मावशी म्हणते, 'आसा कसा जातो? नवसाचा माणूस हितून पुढं चाकावर जातो का? आन् पायताण घालून? अनवाणी चढायचं आसतं, लेकरा.'

मी म्हटलं, मावशी, सायकलवर बोललोय, देवीला चालतं. पण ऐकतंय कोण? ती वाकली हो! ऐंशी वर्षांची बाई, माझ्या आईची थोरली बहीण, भर रस्त्यात माझ्या पायाशी वाकली आणि माझे बूट सोडायला लागली! आता तुम्हीच सांगा. थोरलं माणूस आपल्या पायाला हात लावतंय आणि आपण वर बसून राहायचं? त्या क्षणी नियमबियम, टी-शर्ट, काही आठवलं नाही. टुणकन खाली उतरलो. दोन्ही पाय! टेकले!

आणि मग चार किलोमीटर. फाल्गुनातलं डांबर, साडेनऊचं ऊन. त्या चड्डीवर देवीपुढं जायचं नाही म्हणून कडुबाचं उपरणं कमरेला, पुढं हलगी, मागं कडुबा माझी सायकल ढकलत, आणि मावशी जीपमध्ये बसून, 'बोल गिरजामातेचा…' बाजूनं आमची टोळी सूं सूं करत वर चालली. अतुलनं मान वळवून बघितलं, हलगी बघितली, उपरणं बघितलं, आणि एवढंच म्हणाला, 'काका, बाद.'

वर गेल्यावर मावशीनं देवीपुढं हात जोडून परस्पर सांगून टाकलं, 'माय, पाच ऐतवार येईल माझं लेकरू.' मला विचारलंसुद्धा नाही!

घरी कसा आलो ते विचारू नका, जीपमध्ये आलो, सायकल टपावर. म्हटलं, आता ऐकायचं, 'होऊ द्या.' दार उघडलं तर रत्नमालानं घमेल्यात मिठाचं गरम पाणी करून ठेवलेलं. मावशीचा फोन आधीच पोचला होता. माझे पाय बघितले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी. अठ्ठावीस वर्षांत मी हे बघितलं नव्हतं. म्हणाली, 'मला सांगायचं तरी…' आता मी काय सांगणार होतो? सांगा की, काय सांगणार होतो? पाय बुडवून बसलो. लाज वाटत होती, आणि खरं बोलायचं तर… बरंही वाटत होतं.

मनात म्हटलं, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग हळूच विषय काढू, फोड दाखवू, रजा मागू. तर आज सकाळी ही स्वयंपाकघरातून चालत आली. चालत! भिंतीला हात न लावता! म्हणते, 'अहो, खरंच फरक पडलाय.'

झालं ना मग! तबला सुटला, मोडी सुटली, पिवळा टी-शर्ट गेला… पण ही एक गोष्ट मात्र, तुम्हाला सांगतो, मी शेवटपर्यंत करणार. एक रविवार झालाय, चार राहिलेत. सायकल खिळ्याला टांगलीय.